सात नंबरच्या पिंजऱ्यातली खार

पिंजरा ओढ्यात होता आणि खार पिंजऱ्यात. जुलैतल्या एका सोमवारी सकाळी सव्वासात वाजता कॉन्स्टेबल रूथ टॅलेन्टायरला फोनवर एवढंच कळलं, आणि अर्धा चहा टाकून तिने गाडी काढली.

फोन मार्कस लॅव्हिंग्टनचा होता. रूथ उल्गिलच्या पुलाशी पोचली तेव्हा हा माणूस ओढ्याच्या काठी उभा होता. अंगात बिनबाह्यांचं गुबगुबीत जाकीट, पायात धुतलेले बूट, हातात कॉफीचा मग. मगवर लाल खारीचं चित्र आणि खाली मंडळाचं नाव, ‘उल्गिल लाल खार संरक्षण मंडळ’. लॅव्हिंग्टन ह्या मंडळाचा अध्यक्ष. गावात येऊन त्याला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती.

अध्यक्ष व्हायला उल्गिलमध्ये फार काही लागत नाही. गावात आता दोनच प्रकारची घरं उरली आहेत. काहींच्या धुराड्यातून धूर निघतो. बाकीच्यांच्या दाराशी किल्लीची छोटी पेटी असते, आकडे फिरवा आणि भाड्याचे पाहुणे म्हणून आत शिरा. पेटीवाल्यांना सभा फार आवडतात. धूरवाल्यांना मेंढ्या असतात, त्यामुळे ते सभेला जात नाहीत. मग अध्यक्ष कोण होणार?

खार टॉवेलवर ठेवलेली होती.

“तुम्ही हिला पिंजऱ्यातून बाहेर का काढलंत?” रूथने विचारलं.

“मग काय पाण्यात राहू द्यायची, कॉन्स्टेबल? माणुसकी म्हणून काही असतं.”

“पुरावा म्हणूनही काही असतं.”

“पुरावा तुमच्यासमोर आहे.” त्याने बुटाच्या टोकाने पिंजरा दाखवला. तारेचा, हातभर लांब. दार खाली पडलेलं. वर पितळी बिल्ला होता, ‘७ – आ. रेल्फ’. “आयझॅक रेल्फचा पिंजरा. त्याने खार पकडली, ती लाल निघाली, सोडायचा कंटाळा आला, दिली बुडवून. वय झालंय हो त्याचं.”

ह्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कायदा पाठ आहे. करडी खार परकी. ती छत पोखरते, वायरी कुरतडते, झाडांच्या साली सोलते आणि लाल खारींना मारणारा रोग घेऊन फिरते. ती पिंजऱ्यात सापडली तर परत सोडणं हाच गुन्हा, तिला त्रास न देता मारावीच लागते. लाल खार इथली. ती पिंजऱ्यात सापडली तर तिथल्या तिथे सोडायची. तिला मारणं गुन्हा, तिचं घरटं मोडणं गुन्हा, मग ते घरटं तुमच्या माळ्यावर का असेना. आणि पाण्यात बुडवून मारणं तर दोघींच्याही बाबतीत गुन्हा.

रूथ गुडघ्यांवर बसली. ती मेंढपाळाची मुलगी. मेलेलं जनावर कसं बघायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अंगावर दाट केस. कानांवरचे लांब झुबके ओले होऊन रंगाच्या कुंचल्यासारखे टोकदार झालेले. शेपटी मधोमध मोडल्यासारखी, ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या कपड्यावर पडते तशी रेघ तिच्यावर पडलेली. पोटाकडे आचळं ठळक, त्यांच्याभोवतीचे केस झिजलेले.

“पाजत होती,” रूथ म्हणाली.

“काय?”

“हिला पिल्लं होती. दुधातली.”

लॅव्हिंग्टनने कॉफीचा घोट घेतला. “किती वाईट. चेहरा बघा हो तिचा! जशीच्या तशी आमच्या मगवरची खार.”

“तुम्ही इतक्या सकाळी इथे कसे?”

“कुत्र्याला फिरवायला. रोज येतो.”

“आयझॅकचं आणि तुमचं काही वाजलंय?”

“माझं? मी अध्यक्ष आहे, मला सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं. शुक्रवारी ह्याच पुलावर तो माझ्या अंगावर ओरडला. चार पाहुण्यांनी ऐकलंय. कशावरून ते त्यालाच विचारा.”

त्याने वार्ताहरालाही फोन केला होता, हे रूथला दुपारी कळलं. संध्याकाळी बातमी आली, ‘रक्षकच भक्षक?’ फोटोत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं गाठोडं छातीशी धरून अध्यक्ष उभे. टॉवेलबाहेर शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं.

इन्स्पेक्टर होल्ट फोनवर आधी पोटभर हसला. “खारीचा खून! टॅलेन्टायर, बढती मिळणार तुला.” मग त्याने बातमी वाचली आणि त्याचं हसू बंद झालं. “म्हाताऱ्याचे सगळे पिंजरे उचल. बंदूक ताब्यात घे. गुरुवारी संध्याकाळी मंडळाची सभा आहे. तिथे मंडळ त्याची पिंजरे लावायची परवानगी काढून घेईल आणि आपण त्याचा बंदुकीचा परवाना. आणि ती खार त्याला दाखवायची नाही. पुरावा आहे तो.”

“पण सर, त्याने केलंय हे कुठे—”

“पिंजऱ्यावर नाव कुणाचंय?”

ह्या प्रश्नाच्या पुढे होल्टचा मेंदू कधी गेलेला नाही.

*

आयझॅक रेल्फ एकाहत्तर वर्षांचा होता. तीस वर्षं तो रोज सकाळ-संध्याकाळ चौदा पिंजऱ्यांची फेरी करत आला होता, फुकट. खिंडीपलीकडच्या सगळ्या खोऱ्यांत आता करड्या खारी आहेत. उल्गिलमध्ये लाल शिल्लक आहेत त्या ह्या एका हट्टी माणसामुळे.

मंगळवारी रूथ आली तेव्हा तो अंगणात चौदावा पिंजरा रचून ठेवत होता. चौदावा म्हणजे तेरावाच, सात नंबर पोलिसांकडे होता.

“घे पोरी. मोजून घे. बंदूक स्वयंपाकघरात आहे, मोकळी केलेली.”

“मला दोनचार प्रश्न विचारायचेत, आयझॅक.”

“विचार की.”

“सात नंबर कुठे असतो?”

“वरच्या भिंतीवर. हाय फोल्डच्या मागे.” हाय फोल्ड म्हणजे लॅव्हिंग्टनचं घर. त्याने त्याचं नाव बदलून ‘स्क्विरल लॉज’ केलं होतं. ‘लाल खारींच्या सोबतीत सुट्टी’ अशी जाहिरात करून तो ते पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. जुनं नाव गावात अजून कुणी टाकलं नव्हतं.

“शेवटचा कधी लावलात?”

“शनिवारी. दुपारी बंद केला. रविवारी मी एकही पिंजरा लावत नाही, हे सगळं गाव जाणतं. दार उघडं ठेवून वर बांधून टाकतो. आत येणाऱ्याने यावं, खावं, जावं.”

“कशाने बांधता?”

त्याने खिशातून नारिंगी दोरीचं भेंडोळं काढलं. गवताचे गठ्ठे बांधायची, जी ह्या खोऱ्यात फाटकापासून विजारीपर्यंत सगळं बांधायला चालते तीच.

“सोमवारी सकाळी सोडलंत?”

“तिथवर पोचलोच नाही. मी खालून सुरुवात करतो, सात नंबर सगळ्यात वर, म्हणून शेवटचा. पाच नंबरशी होतो तेव्हा ओढ्याकडे तुझी गाडी दिसली.”

“शनिवारी बांधायला विसरला असाल.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की रूथला शाळेत असल्यासारखं वाटलं. “माझं लग्न झालं ती तारीख विसरलो असेन. हे नाही.”

अंगणाच्या कडेला टांगलेल्या दाण्याच्या पेटीवर तेवढ्यात एक लाल खार उतरली. किडकिडीत, तांबूस, पातळ केसांची. कान उंदरासारखे उघडे. तिने पेटीचं झाकण डोक्याने उचललं आणि दाणा घेऊन बसली.

“ही आजारी आहे का?” रूथने विचारलं.

“ही? ठणठणीत आहे. उन्हाळ्यात ह्यांची रया जाते. हिवाळ्यात बघ, राजघराण्यातल्या दिसतात.” तो खारीकडे बघत राहिला. “मेलेली नर होती का मादी?”

“मादी. पाजती.”

आयझॅकच्या हातातलं भेंडोळं खाली पडलं. “आणि पिल्लं? सोमवार सकाळपासून पिल्लं कुठेत? अगं, उपाशी असतील ती! तू इथे माझे पिंजरे काय मोजत बसलीस?”

“शुक्रवारी लॅव्हिंग्टनशी कशावरून भांडलात?”

“नंतर सांगतो,” असं म्हणून हा गुन्हेगार टोपी घालून निघालाही. चोरीच्या, खुनाच्या आरोपींना रूथने पळताना बघितलं होतं. मयताच्या पोरांना शोधायला धावणारा आरोपी तिने पहिल्यांदाच बघितला.

*

दोन दिवस आयझॅक ओढ्याकाठची झाडं धुंडाळत होता. मान वर करून घरटी मोजायची, खाली कान लावून चिवचिव ऐकायची. सगळ्या घरट्यांत आयांची ये-जा होती. उपाशी पिल्लं एकाही ठिकाणी नव्हती.

बुधवारी दुपारी त्याने रूथला पुलावर गाठलं. “हिशेब लागत नाही, पोरी. ओढ्याकाठच्या पाजत्या माद्या मला चेहऱ्याने माहीत आहेत. पाचही जिवंत आहेत. मग मेली ती कोण?”

“दुसरीकडून आली असेल.”

“पाजती आई पिल्लं सोडून दुसरीकडे जात नाही.” तो कठड्याला टेकला. “आणि एक. खाणीपाशी करडी दिसलीय. काल संध्याकाळी. दीड मैलावर आली, आणि माझे पिंजरे तुझ्या पोलीस ठाण्यात धूळ खातायत. एक पुरे होते. एकीने दाण्याच्या पेटीला तोंड लावलं की दोन महिन्यांत ह्या ओढ्यावर लाल खार औषधाला उरणार नाही.”

“शुक्रवारचं सांगा.”

“सांगण्यासारखं काय आहे? हिवाळ्यात वरच्या भिंतीवरून एक जोडी हाय फोल्डच्या छताखाली शिरायची. वसंतात दिसेनाशी झाली. मी त्याला विचारलं, तुझ्या माळ्यावरच्या खारी गेल्या कुठे? म्हणाला, माझ्या माळ्यावर कधी खार नव्हतीच. मी म्हटलं, मग सोमवारी रूथला घेऊन येतो, शिडी लावून बघू. त्यावर तो हसला, आणि मी ओरडलो.”

सोमवारी. रूथने मान हलवली आणि ती वरच्या भिंतीकडे निघाली.

सात नंबरच्या जागेवर गवत चौकोनी दबलेलं होतं. भिंतीच्या पायथ्याशी नारिंगी दोरीचा तुकडा पडला होता. गाठ तशीच बांधलेली. दोरी गाठीच्या शेजारी कापली होती, सुबक, कात्रीने.

म्हणजे आयझॅक विसरला नव्हता. पिंजरा बांधलेला होता, आणि कुणीतरी तो कापून मोकळा केला होता.

गावात खारींवर उघड खार खाणारा एकच माणूस होता, ब्रायन माउन्सी, सुतार. त्याच्या स्वतःच्या माळ्यावर खारींनी दोनदा उच्छाद मांडला होता. ‘एक पिंप पाणी, की काम तमाम,’ असं तो दारूच्या दुकानात मोठ्याने बोलला होता. त्याच्याकडे सशांनी भरलेला मोठा फ्रीजरही होता. रूथ आणि तो एका वर्गात होते.

“मला पकडायला आलीस का गं?” ब्रायनने करवत खाली ठेवली.

“ही दोरी तू कापलीस?”

त्याने तुकडा हातात घेतला आणि त्याला खरंच वाईट वाटलं. “कोण गाढव आहे हा? चांगली दोरी! सोडता येत नाही का गाठ?” त्याच्या मागे खिळ्यावर अशा दोऱ्यांचा झुबका लटकत होता. एकेक सोडवून, सरळ करून टांगलेली. रूथच्या बापाच्या गोठ्यातही असाच झुबका होता. गावातल्या प्रत्येक गोठ्यात आहे.

“हाय फोल्डचं काम तू केलंस ना?”

“मार्चमध्ये. खारींनी पाण्याची नळी कुरतडली, छत पाहुण्यांच्या पलंगावर आलं. मी छत केलं. शिवाय बाहेरून वळचणीचं भोक जाळीने बंद केलं.”

“तारीख?”

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं. “सहा मार्च.”

“आत कोणी नाही ना, बघितलंस?”

“विचारलं मी त्याला. विचारावंच लागतं, आत जनावर कोंडलं तर माझ्या गळ्याशी येतं. तो म्हणाला, कोणी नाही, माझी शंभर टक्के खात्री आहे. मग ठोकली जाळी.” ब्रायन थांबला. “का?”

“त्याने मला, आयझॅकला, सगळ्या गावाला सांगितलंय, त्याच्या माळ्यावर कधी खार नव्हतीच.”

“मग माझ्याकडून छत काय वाऱ्याने पडलं म्हणून करून घेतलं?”

*

डॉन स्टोबार्ट तालुक्याच्या गावी राहायची. घरात शिरलेले उंदीर, घुशी, गांधीलमाश्या, खारी काढणं हा तिचा धंदा. रूथने तिला गाडीत डबा खाताना गाठलं.

“हाय फोल्ड? विसरेन कशी! असला शहाणा वर्षातून एकदाच भेटतो.” डॉनने पाव खाली ठेवला आणि वही काढली. “दोन मार्चला बोलावलं. म्हणाला, करड्या आहेत, मारून टाका. मी म्हटलं, आधी बघू. भोकाच्या कडेला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. रात्रभरात जाता-येता केस चिकटतात. तीन तारखेला काढली. हे बघ.”

वहीच्या पानावर पारदर्शक पाकिटात पट्टी होती. तिच्यावर तांबडे केस होते.

“लाल.”

“एकदम लाल. आणि आत पिल्लांचा आवाज. मी त्याला स्पष्ट सांगितलं, साहेब, हात लावायचा नाही. पिल्लं मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा, मग रीतसर परवानगी काढून भोक बंद करू. तोवर वायरींना लोखंडी नळी घाला. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे.”

“काय म्हणाला?”

“‘मी संरक्षण मंडळाचा अध्यक्ष आहे, मला कायदा शिकवू नका.’ आणि ईस्टरला घर पूर्ण भरलंय म्हणाला.” डॉनने पुन्हा पाव उचलला. “काय गं, थांबला ना तो?”

रूथने गाडी वळवली. ती पोलीस ठाण्यात गेली, पुराव्याच्या फ्रीजरमधून पिशवी काढली आणि त्या खारीकडे बराच वेळ बघत बसली. कानांकडे. शेपटीवरच्या घडीकडे. मग तिने टेलिफोनची वही ओढली. मेलेल्या प्राण्यांत भुसा भरून ते शोभेला ठेवण्यासारखे करून देणारी माणसं सगळ्या जिल्ह्यात तीन होती. तिसऱ्याला तिचा प्रश्न पूर्ण ऐकायचीही गरज पडली नाही.

*

गुरुवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात पंचवीस माणसं होती. पुढच्या रांगेत पेटीवाले, मागे भिंतीला टेकून चार धूरवाले. आयझॅक दाराशी उभा होता, टोपी हातात. इन्स्पेक्टर होल्ट खुर्चीत घड्याळ बघत होता. टेबलावर मंडळाचे विक्रीचे मग मांडलेले होते.

लॅव्हिंग्टनने घसा साफ केला. “अतिशय जड अंतःकरणाने—”

“त्याआधी मला अध्यक्षांना काही विचारायचंय,” रूथ उठली.

“जरूर. कायद्याला आमचं सहकार्य असतंच.”

“सोमवारी तुम्ही म्हणालात, खार अगदी मगवरच्यासारखी आहे.”

“होतीच.”

“कानांवर लांब झुबके.”

“लाल खारीला असतातच, कॉन्स्टेबल. तीच तर तिची ओळख.” पुढच्या रांगेत कुणीतरी कौतुकाने हसलं.

मागच्या भिंतीपाशी कुणी हसलं नाही. तिथली चार डोकी एकदम वर झाली. आयझॅक दोन पावलं पुढे आला. “काय म्हणालास? झुबके होते?”

“मोठाले,” रूथ म्हणाली. “बोटाच्या पेराएवढे.”

“जुलैमध्ये?”

“जुलैमध्ये.”

“कॉन्स्टेबल, हा काय प्रकार आहे?” होल्ट म्हणाला.

“सर, खिडकीतून बाहेर बघा. दाण्याच्या पेटीवर.” बाहेर उन्हात दोन खारी बसल्या होत्या, किडकिडीत, कान उघडे. “वसंतात लाल खारीचे झुबके झडतात. पुन्हा यायला हिवाळा जवळ यावा लागतो. ह्या खोऱ्यात आज एकाही खारीच्या कानावर झुबका नाही. हे ओळखायला इथे एक उन्हाळा डोळे उघडे ठेवून काढावा लागतो. ज्याने खार फक्त मगवर आणि बिस्किटांच्या डब्यावर बघितलीय, त्याच्यासाठी ती बाराही महिने झुबकेवालीच असते. मीही सोमवारी फसले. मी मेंढ्यांतली बाई. पण मी अध्यक्ष नाही.”

लॅव्हिंग्टनचा हात मगच्या कानात अडकला होता.

“ती खार रविवारी मेली नाही. ती हिवाळी केसांत मेली. अंगावर दाट केस, शेपटीवर घडी, कारण ती दुमडून डब्यात भरली होती आणि महिनोन्‌महिने गोठलेली होती. म्हणून आयझॅकला उपाशी पिल्लं सापडली नाहीत. ती आई ह्या उन्हाळ्यातली नव्हतीच.

“मग कधीची? दोन मार्चला डॉन स्टोबार्टने हाय फोल्डच्या भोकाला पट्टी लावली. तीन तारखेला सांगितलं, लाल आहेत, पिल्लं आहेत, थांबा. सहा तारखेला अध्यक्षांनी ब्रायनकडून भोक बंद करून घेतलं. आत कोणी नाही, शंभर टक्के खात्री, असं सांगून. तीन दिवसांत खात्री कशी झाली? पिल्लं सोडून आई जात नाही. तिला कुणीतरी नेल्याशिवाय.”

“हा निव्वळ तर्क आहे!”

“शुक्रवारी आयझॅक म्हणाला, सोमवारी कॉन्स्टेबलला माळा दाखवतो. आता दोन गोष्टी नाहीशा करायच्या होत्या. फ्रीजरमधली खार, आणि आयझॅकच्या शब्दाची किंमत. एका दगडात दोन्ही. तुमच्या मागच्या भिंतीवर पिंजरा तयारच होता. पण तो रविवारचा बांधलेला.” तिने नारिंगी तुकडा टेबलावर टाकला. “ही कात्रीने कापलीय. गावातला चोरसुद्धा ही गाठ सोडवून दोरी खिशात घालेल.”

मागून ब्रायन म्हणाला, “घालेलच.”

“हे कुणीही करू शकतं. कोणताही पाहुणा!” लॅव्हिंग्टन होल्टकडे वळला. “माझ्याविरुद्ध पुरावा काय आहे?”

“फेकून दिली असतीत तर काहीच नसता,” रूथ म्हणाली. “पण खार सुंदर होती. दिवाणखान्यात शोभली असती. नऊ मार्चला भुसा भरून देणाऱ्या एका कारागिराला फोन आला. लाल खार, मादी, गोठवलेली, गाडीखाली आलेली. कारागीर म्हणाला, कुठे मेली, कशी मेली, ते लिहून द्यावं लागेल, कागदाशिवाय मी हात लावत नाही. फोन ठेवला गेला. पलीकडच्याने नाव सांगितलं नव्हतं. पण ह्या लोकांना प्रत्येक फोनची, नंबरासकट, नोंद ठेवायची सवय असते.” तिने खिशातून चिठ्ठी काढून होल्टला दिली. मग टेबलावरचा एक मग उचलून उलटा केला आणि त्याच्यासमोर ठेवला. “तळ वाचा, सर. ‘जखमी खार दिसल्यास संपर्क, अध्यक्ष.’ आकडे जुळवून बघा.”

होल्टने चिठ्ठी बघितली, मगचा तळ बघितला, पुन्हा चिठ्ठी. हिशेब अवघड नव्हता, त्यालाही जमला. तो उठला आणि लॅव्हिंग्टनच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

“छत लोकांच्या अंगावर कोसळलं होतं!” लॅव्हिंग्टन ओरडला. “मी काय करायला हवं होतं? एका खारीसाठी ईस्टरची सगळी बुकिंग रद्द करायची? एका उंदरासाठी?”

पुढच्या रांगेतल्या बऱ्याच जणांच्या माळ्यावर काय काय होतं, हे ती रांगच जाणे.

“आई तू नेलीस,” आयझॅकने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “पिल्लं?”

लॅव्हिंग्टनने मान फिरवली.

“पिल्लांचं काय केलंस, असं विचारतोय.”

“मला काय माहीत! ती आत कुठेतरी होती. सापडली नाहीत.”

*

ब्रायनने हाय फोल्डला शिडी लावली तेव्हा ऊन अजून छतावर होतं. त्याने जाळीचे खिळे एकेक करून उपटले. शेवटचा खिळा निघताना त्याने एक घाण शिवी दिली, ती स्वतःलाच होती. मग आत हात घातला आणि गवत, शेवाळ, पाहुण्यांच्या गादीतला कापूस असं भरलेलं घरटं सावकाश बाहेर काढलं.

आत तीन होती. वाळलेली, अंगठ्याएवढी, एकमेकांत गुंतलेली. डोळे उघडायच्या आधीचीच.

आयझॅकने टोपी पुढे केली आणि ब्रायनने घरटं तिच्यात ठेवलं. गाडीत बसवलेला लॅव्हिंग्टन काचेतून दुसरीकडे बघत होता.

“आईशेजारी पुरता येतील का?” आयझॅकने विचारलं.

“खटला संपला की. मी स्वतः आणून देईन.”

त्याने टोपी रूथच्या हातात दिली. उघड्या डोक्याने तो क्षणभर उभा राहिला, मग खाणीच्या बाजूला बघितलं.

“पिंजरे कुठेत?”

“माझ्या गाडीत. सगळे. बंदूकही.”

“मग उभी का आहेस, पोरी? अजून दीड तास उजेड आहे. पहिला खाणीवर लावू.”

त्याने वरच्या भिंतीच्या पायथ्याशी वाकून गवत चाचपलं. नारिंगी दोरीचा उरलेला तुकडा तिथे पडला होता. त्याने तो उचलला, मापून बघितला आणि खिशात टाकला.